निरंक आणि नऊ कुवली

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात आक्षी येते. सुरूची बनं, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मधून वळणं घेत जाणारा अरुंद रस्ता. या गावात एक शिलालेख आहे, शके ९३४चा, म्हणजे इसवी सन १०१२चा. मराठीतला सर्वांत जुना शिलालेख कोणता यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत, पण त्या चर्चेत आक्षीचं नाव पहिल्या रांगेत असतं. मजकूर फार मोठा नाही. शिलाहार राजा केसिदेवाच्या काळात त्याच्या महाप्रधानाने, भइर्जू सेणुईने, महालक्ष्मी देवीच्या बोडणविधीसाठी नऊ कुवली धान्य नेमून दिलं, असा त्याचा अर्थ लावला जातो. कुवली हे धान्याचं माप.

देणारा कोण, कोणाला, कशासाठी, किती, कधी. हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर कुणीतरी हे पाचही रकाने भरले, एकही मोकळा सोडला नाही.

आता त्याच रस्त्याने अलिबागकडे निघालेल्या सकाळच्या एसटीत एक मुलगी डोळ्यांसमोर आणू या. चौलची असेल, नागावची असेल. बीएस्सी झालेली, एमएस-सीआयटी केलेली, मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून एक्सेल शिकलेली. पर्समध्ये रुजू होण्याचं पत्र. जिल्हा परिषदेच्या एका विभागात तिला प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलंय. तिला नाव द्यायची गरज नाही, कारण २०२४च्या पावसाळ्यानंतर अशी मुलंमुली राज्यभरच्या सरकारी कार्यालयांत दिसू लागली. ९ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. १८ ते ३५ वयाच्या तरुणांना प्रत्यक्ष कामावर शिकायची संधी, आणि दरमहा विद्यावेतन: बारावी झालेल्याला ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. मुदत सहा महिने, ती पुढे आणखी पाच महिन्यांनी वाढली. लोकांनी योजनेला ‘लाडका भाऊ’ म्हटलं, पण कार्यालयांत बहिणीही तितक्याच उत्साहाने रुजू झाल्या.

तिच्या पत्रात ‘डेटा ॲनालिस्ट’ हा शब्द कुठेही नसतो. कार्यालयात तिला कुणी ऑपरेटर म्हणतं, कुणी ‘त्या कॉम्प्युटरवाल्या मॅडम’. काम मात्र तेच. तालुक्यांकडून माहिती येते, ती गोळा करायची, तपासायची, जुळवायची आणि वरिष्ठांना त्यातून काय दिसतं ते सांगायचं. रायगडात पंधरा तालुके आणि आठशेच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीत नमुना १ ते ३३ अशा नोंदवह्या. नमुना ८ मध्ये कोणाचं घर किती चौरस फुटांचं आणि त्यावर घरपट्टी किती, हे लिहिलेलं असतं. अंगणवाडीच्या नोंदी वेगळ्या, शाळेच्या वेगळ्या, नळजोडण्यांच्या आणखी वेगळ्या. ही सगळी माहिती गावातून निघते, पंचायत समितीत थांबते आणि अलिबागला पोचते. पोचेपर्यंत तिचं काय काय होतं, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळतं.

एक तक्ता जवळून पाहू. विषय अगदी साधा: गावात नादुरुस्त विंधनविहिरी किती? चाळीस-पन्नास ओळी आणि शेवटी आकड्याचा रकाना. एका ग्रामपंचायतीने लिहिलंय ‘निरंक’. दुसरीने ०. तिसरीने आडवी रेघ ओढली. चौथीने रकाना मोकळा ठेवला. पाचवीने लिहिलं ‘माहिती मागवली आहे’, सहावीने ‘वरीलप्रमाणे’. शाळेतून बाहेर पडलेल्या माणसाला या सगळ्यांचा अर्थ शून्यच वाटेल. तसा तो नाही. निरंक म्हणजे आम्ही पाहिलं आणि काही आढळलं नाही. मोकळा रकाना म्हणजे कुणी पाहिलंच नाही. या दोन गावांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या गावात बायका पाणी भरून घरी गेल्यात, दुसऱ्या गावात त्या कदाचित अजून हंडा घेऊन चालतायत.

आणि ‘वरीलप्रमाणे’चं काय होतं? ती मुलगी तक्ता अक्षरांच्या क्रमाने लावते, कळ दाबल्यावर ओळी वरखाली होतात, आणि ‘वरीलप्रमाणे’च्या डोक्यावर आता भलतंच गाव येऊन बसतं. कागदावर तो शब्द बरोबर होता. यंत्रात गेल्याबरोबर खोटा झाला. कुणीही खोटं लिहिलेलं नव्हतं. तिला हे वेळीच दिसलं तर ती शिकली असं समजावं. नाहीतर एका वाडीच्या दुरुस्तीचे पैसे दुसऱ्या वाडीच्या नावावर जातात.

मराठी माहितीच्या आणखीही खोड्या आहेत. जुन्या फायली श्रीलिपीत नाहीतर कृतीदेवमध्ये टंकलेल्या. युनिकोडमध्ये उघडल्या की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं सांडतात. नागाव अलिबाग तालुक्यात आहे, तसंच उरण तालुक्यातही आहे. लग्नानंतर नाव बदललेली बाई रेशनकार्डावर एका नावाने, आरोग्य केंद्रात दुसऱ्या नावाने, बँकेत तिसऱ्याच. यंत्राच्या हिशेबी त्या तीन बायका. त्यांतली एक योजनेला पात्र ठरते, दोन अपात्र, आणि ती स्वतः काउंटरसमोर उभी. तिला ओळखायला एक्सेलमधलं कुठलंही सूत्र पुरत नाही. तिथे गावच्या अंगणवाडी सेविकेला फोनच लावावा लागतो.

सेविकेचा विषय निघालाच आहे, तर थोडं थांबायला हवं, कारण या नोकरीतला सगळ्यात मोठा धडा तिच्याकडेच आहे. रायगडात कातकरी वस्ती मोठी. खालापूर, कर्जत, सुधागड, पेणपासून अलिबाग-मुरूडच्या डोंगरकडेपर्यंत त्यांच्या वाड्या आहेत. दिवाळी झाली की अनेक कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, कधी जिल्ह्याबाहेर, कधी राज्याबाहेर. पावसाच्या तोंडावर परत येतात. अंगणवाडीत दर महिन्याला मुलांची वजन-उंची घेतली जाते आणि २०२१पासून ती पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये भरली जाते. आता अलिबागला बसलेल्या त्या मुलीने एखाद्या वाडीचा आलेख काढला, तर जानेवारीत तीव्र कुपोषित मुलांचा आकडा खाली आलेला दिसू शकतो. रेघ खाली येते. चित्र छान दिसतं. बैठकीत दाखवावं असं.

मुलं वजनकाट्यापर्यंत आलेलीच नसतात. ज्यांचं वजन सगळ्यात कमी, तीच आईबापांबरोबर भट्टीवर गेलेली असतात. सेविकेला विचारलं तर ती सांगेल, ‘सगली भट्टीवर गेलीत, ताई. पावसाच्या तोंडाला येतील.’ हे वाक्य भरायला ॲपमधला आकड्याचा रकाना कामाचा नाही. ते कानांनीच ऐकावं लागतं. आणि ज्या मुलीने ते एकदा ऐकलं, ती पुन्हा कधी खाली येणाऱ्या रेघेवर एकदम खूश होणार नाही. ती आधी विचारेल: किती मुलांची वजनं घेतली? गेल्या महिन्यात किती होती? उरलेली कुठे आहेत?

किनाऱ्यावरचं दुसरं उदाहरण खारेपाटातलं. अलिबाग, पेण, उरणच्या खाडीकाठी हजारो एकर भातशेती खारबंदिस्तीच्या बांधांआड उभी राहिली. बांध घालायचा, राखायचा, दर उधाणाला डोळ्यांत तेल घालून बघायचं, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. बांधाकडे दुर्लक्ष झालं की उधाणात खांड जाते, खारं पाणी आत शिरतं आणि काही वर्षांत भाताच्या जागी कांदळवन उभं राहतं. सातबारावर मात्र तिथे अजून शेतजमीन असते. उपग्रहाच्या चित्रात हिरवं दिसतं. वरून पाहणाऱ्याला हे हिरवं भाताचं की तिवरांचं, हे तारीख बघून, ऋतू बघून ठरवावं लागतं, आणि तरी शंका राहिलीच तर बांधावर जावं लागतं. शेतकरी म्हणतो माझी शेती गेली, वनखातं म्हणतं हे संरक्षित वन, महसुलाचा कागद म्हणतो इथे लागवडीची जमीन आहे. तिघांकडे तीन आकडे. खरं एकच, आणि ते चिखलात उभं आहे.

याच खारेपाटातल्या चरी गावात १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. हा संप १९३९पर्यंत चालला. कसणारा कोण आणि कागदावर कोण, हा त्या झगड्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. रकान्यात आपलं नाव यावं म्हणून माणसांनी इथे उपास काढलेत. अलिबागमध्ये बसून सातबाराची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येक नव्या प्रशिक्षणार्थ्याला हे पहिल्या दिवशी सांगितलं पाहिजे, असं मनापासून वाटतं.

मग निसर्ग. ३ जून २०२० रोजी हे चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आदळलं. घरांचे पत्रे गेले, विजेचे खांब आडवे झाले आणि श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या वाड्यांमधल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. पंचनामे सुरू झाले. फळबागेच्या नुकसानीची मदत हेक्टरी ठरते. कोकणात वाडी असते पाच-दहा गुंठ्यांची. त्या वाडीत नारळ, पोफळ, खाली मिरीचा वेल, मधे जायफळ, घराच्या मागे केळी. हेक्टरच्या मापाने मोजलं की त्या वाडीचं नुकसान चिमूटभर दिसतं. प्रत्यक्षात घराचा वर्षाचा आधारच गेलेला असतो, कारण नवी पोफळ लावून सुपारी हाती यायला कितीतरी वर्षं लागतात. लोकांनी आरडाओरडा केला आणि पुढे नारळ-सुपारीला झाडामागे मदत द्यायचा निर्णय झाला. झाडं तीच, वादळ तेच, फक्त मोजायचं एकक बदललं आणि नुकसान दिसू लागलं.

एककाचा हा धडा केवळ वाडीपुरता नाही. भारताचा समुद्रकिनारा किती, तर शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय: ७,५१६ किलोमीटर. अलीकडे नकाशाचं प्रमाण अधिक बारीक घेऊन तो पुन्हा मोजला गेला. आकडा ११,०९८ किलोमीटरच्या वर गेला. महाराष्ट्राचा ६५२ वरून ८७७ झाला. समुद्र जागचा हलला नाही. खाड्या, वळणं, टोकं आधीच्या मापात येत नव्हती, ती आता आली. थळपासून मुरूडपर्यंत किनाऱ्याने चाललेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. किनारा किती वाकडा आहे, ते त्याच्या पायांना ठाऊक असतं.

नोंद कशी ठेवावी हे बघायला मात्र त्या मुलीला लांब जायला नको. अलिबागमध्येच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईच्या कुलाब्यात १८२६ साली वेधशाळा स्थापन झाली आणि १८४१पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं सुरू झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे नक्की झालं. विजेच्या प्रवाहाने ही नाजूक मोजमापं बिघडणार होती. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी समुद्रापलीकडचं अलिबाग निवडलं. लोखंडाने सुई फिरू नये म्हणून इमारत चुंबकीय नसलेल्या साहित्याने बांधली. १९०४ साली अलिबागला काम सुरू झालं. आणि इथे मूस यांची खरी थोरवी दिसते: त्यांनी कुलाब्याचं काम त्याच दिवशी बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापं घेतली. जुन्या जागेची आणि नव्या जागेची नोंद एकमेकींशी जुळते का, फरक किती पडतो, हे पाहिलं आणि मगच कुलाबा थांबवलं. त्यामुळे ही नोंदमाला न तुटता पुढे चालत राहिली.

या काळजीचा उपयोग किती? सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्याच्या वहीत होती. ती २००३ साली शास्त्रज्ञांनी बाहेर काढली आणि तेवढ्या जोराचं वादळ पुन्हा आलं तर विजेच्या जाळ्याचं, उपग्रहांचं काय होईल याचा अंदाज बांधायला वापरली. ज्याने १८५९मध्ये तो आकडा टिपला, त्याला कृत्रिम उपग्रहांची कल्पनाही नव्हती. त्याने फक्त नेमलेल्या वेळी, नेमलेल्या रकान्यात, दिसलं तसं लिहिलं.

आज जिल्हा परिषदेत एक पोर्टल बंद होऊन दुसरं येतं, तेव्हा असं दोन वर्षं बरोबरीने चालवायची सोय क्वचितच असते. एका तारखेपासून जुनं बंद, नवं सुरू. मग गेल्या वर्षीपेक्षा यंदा सुधारणा झाली की रकान्याची व्याख्या बदलली, हे सांगायला कुणी उरत नाही. हा दोष शिकाऊ मुलीचा नाही. पण तो तिने ओळखावा आणि टिपणीत लिहावा, एवढं तिच्या हातात असतं.

लोकसंख्येचंही तसंच. रायगडची २६,३४,२०० ही लोकसंख्या २०११च्या जनगणनेतली. २०२१ची जनगणना झाली नाही. मधल्या काळात पनवेलची महानगरपालिका झाली, २०२४मध्ये अटल सेतू न्हावाशेव्याला येऊन टेकला, उरण-पनवेल ओळखू येईना. तरी दर हजारी किती, दर लाखी किती, असे हिशेब अजून त्या जुन्या आकड्याने भागले जातात. भाजक जुना आणि भाज्य आजचा. असं उत्तर पुढे करताना तिने खाली एक ओळ लिहिली पाहिजे, की हे २०११च्या लोकसंख्येवर काढलं आहे. ओळ छोटी आहे, ती लिहायला धीर लागतो.

या जिल्ह्याला आकड्यांची परंपरा नवी नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावी जन्मले, रोह्याशीही त्यांचं नातं होतं, १९५२ साली ते याच जिल्ह्याच्या, तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. भारतीय सांख्यिकी संस्थेचं अध्यक्षपदही त्यांनी अनेक वर्षं सांभाळलं. आणि अलिबागचा पांढरा कांदा! त्याला भौगोलिक मानांकन मिळवताना १८८३ सालच्या सरकारी गॅझेटियरमधला उल्लेख कामी आला. ज्या कारकुनाने तो उल्लेख लिहून ठेवला, त्याने आज अलिबाग तालुक्यातल्या कार्ले-खंडाळ्याच्या शेतकऱ्याच्या माळेला भाव मिळवून द्यायला हात लावला, असंच म्हणायला हवं.

म्हणूनच अकरा महिन्यांचा हिशेब सलतो. पहिले दोन महिने कार्यालय समजून घेण्यात जातात: कोणती फाईल कुठून येते, कोणत्या भाऊसाहेबांचा आकडा डोळे झाकून घ्यावा, कोणाचा दोनदा विचारावा. पुढचे कितीतरी महिने चुका करण्यात आणि त्या सापडण्यात. मग कुठे तिला ‘निरंक’ आणि मोकळा रकाना वेगळे दिसू लागतात. भट्टीवर गेलेल्या मुलांची आठवण होते. तोवर मुदत संपते. ती जाते, आणि तिच्याबरोबर हे सगळं जातं, कारण ते कुठल्याच नमुन्यात भरलेलं नसतं. पुढच्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून. प्रशिक्षणार्थी स्वस्तात मिळालेली टंकलेखक नव्हे. तिला शिकवायला एक अनुभवी माणूस नेमून द्यायला हवा, आठवड्यातला एक दिवस गावात पाठवायला हवं, आणि जाण्याआधी तिच्याकडून एक वही लिहून घ्यायला हवी: कोणत्या रकान्यावर विश्वास ठेवावा, कोणत्यावर नाही, आणि का. याला वेगळा निधी लागत नाही. खातेप्रमुखाने मनावर घेतलं की होतं.

वाचकांनाही एक सांगणं आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत उद्या अशी एखादी मुलगी लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून आली, नमुना ८ची वही मागू लागली, कुणाचं घर कुणाच्या नावावर, कुठली बोअर बंद, कुठल्या वाडीतली माणसं गावाला गेलीत असं विचारू लागली, तर तिला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि माहीत आहे ते सगळं सांगा. तिला परत जायला शेवटची एसटी साडेपाच-सहाची असते. त्याआधी तिच्याबरोबर एकदा वाडीत जाऊन या.